नाला म्हटलं की प्रश्नही नाल्याचेच पडतात

सध्या एक मजकूर फिरतोय: ‘संकल्पना म्हणजे नुसती लेबलं, कुठलंही लावा. तर्क शुद्ध असला की माणूस विवेकी. व्याख्या एकदा ठरली की तिच्यावर वाद घालणं म्हणजे वेळ घालवणं.’ तत्त्वज्ञान शिकणाऱ्या माझ्या भाचीनेही तो कौतुकाने पाठवला, म्हणून लिहितोय.

‘कुठलंही लावा.’ पुण्यात दांडेकर पुलाजवळ उभं राहून हे म्हणून बघा. कात्रजकडून येणाऱ्या आंबील ओढ्याला आपण सर्रास नाला म्हणतो. नाला म्हटलं की प्रश्न उरतो एवढाच, की पाणी वाहून न्यायला रुंदी किती हवी. ते गणित बिनचूक सोडवता येतं. ओढा म्हटलं की पाणलोट आला, काठ आला, पावसाळ्यात पसरायची जागा आली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पाणी त्या काठांवरून घराघरांत शिरलं, माणसं गेली. पुराची कारणं अनेक. सगळा भार मी एका शब्दावर टाकत नाही. पण हिशेबात काय धरायचं आणि काय सोडायचं, हे तर्क सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं. ते ठरवणंही विवेकाचंच काम आहे.

‘तर्क शुद्ध की झालं.’ आपल्या नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांना, हे पटलं नसतं. शिंगं असलेली ती गाय म्हणाल तर म्हैसही आत येते: अतिव्याप्ती. तांबडी ती गाय म्हणाल तर पांढरी बाहेर राहते: अव्याप्ती. खूर दुभंगलेला नसतो ती गाय म्हणाल तर एकही सापडत नाही: असंभव. त्यांनी यांना दोष म्हटलं. लक्षण करणं, म्हणजे व्याख्या बांधणं, ही निव्वळ आवड असती, तर त्यात दोष कसला काढायचा?

‘व्याख्या एकदा ठरली की वाद नको.’ फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हॉझिएने आम्लात ऑक्सिजन असतोच असं मानलं. ऑक्सिजन या नावाचा अर्थच ‘आम्ल घडवणारा’. हायड्रोक्लोरिक आम्लात तो सापडेना, तेव्हा तो आत दडलाय असं धरून चाललं. १८१० मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने तिथे ऑक्सिजन नाहीच, असं मांडलं. व्याख्येला चिकटून ‘मग ते आम्लच नव्हे’ म्हणणं तर्कात बसलं असतं. पण ते आंबट होतं, लिटमस लाल करत होतं, अल्कलीशी मिळून क्षार देत होतं. रसायनशास्त्राने आम्ल ठेवलं आणि व्याख्या सोडली.