कोयनेचे दरवाजे आणि चिपळूणचा पूर: फिरत्या मजकुरात काय चुकते

पावसाळा भरात आला की एक मजकूर मोबाइलवर पुन्हा फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: कोयना धरणाचे दरवाजे उघडले म्हणून चिपळूण बुडते, कोयना प्रकल्प होण्याआधी इथे पूर माहीत नव्हता, आणि वाशिष्ठीतला, म्हणजे चिपळूणच्या नदीतला, गाळ काढला की प्रश्न संपला. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर तर हे अनेकांना पाठच झाले आहे. ज्यांची दुकाने-घरे गेली त्यांचा राग खरा आहे. पण कारण चुकीचे धरले की मागणीही चुकीच्या दारात जाते.

आधी दरवाजांचे बघू. कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेला वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. धरणाचे सहा वक्री दरवाजे या नदीवर आहेत. त्यांतून सुटलेले पाणी पाटण, कराड, सांगली करत कर्नाटकात जाते. चिपळूण सह्याद्रीच्या पलीकडे, पश्चिमेला. मध्ये कुंभार्लीचा डोंगर उभा आहे. म्हणून ‘कोयनेतून पन्नास हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग’ ही बातमी कराड-सांगलीकरांनी काळजीने वाचायची आहे. धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहाचा विसर्गही त्याच, पूर्वेकडच्या पात्रात जातो.

चिपळूणकडे येते ते अवजल, म्हणजे वीज करून झाल्यावरचे पाणी. शिवसागर या कोयनेच्या जलाशयातून बोगद्याने डोंगराच्या पोटातल्या वीजगृहांत, तिथून कोळकेवाडीच्या धरणात, मग अलोरेच्या वीजगृहातून, म्हणजे प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यातून, वाशिष्ठीत. ते किती असते? तिसरा टप्पा आधीच्या टप्प्यांचेच पाणी पुन्हा वापरतो, म्हणून तो सोडून पहिला, दुसरा आणि चौथा टप्पा मिळून क्षमता सुमारे 1600 मेगावॅट. पाण्याला मिळणारी उंची साधारण 480 मीटर आणि यंत्रांची कार्यक्षमता 90 टक्के धरा. सगळे संच एकदम पूर्ण क्षमतेने चालले तरी सेकंदाला सुमारे 380 घनमीटर पाणी लागते, म्हणजे तेरा-साडेतेरा हजार क्युसेक. वीजनिर्मितीतून येणाऱ्या पाण्याची ही वरची मर्यादा. संच थांबवले की हा ओघही थांबतो.

आता शेजारी पाऊस ठेवा. 100 चौरस किलोमीटरवर दिवसभरात 300 मिलिमीटर पाऊस पडला तर 3 कोटी घनमीटर पाणी होते, म्हणजे एक टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) थोडे जास्त. चोवीस तासांत समान वाटले तर सेकंदाला जवळपास 350 घनमीटर. म्हणजे जेवढे अवजल जास्तीत जास्त येऊ शकते, जवळपास तेवढेच पाणी एवढ्या छोट्या तुकड्यावरचा पाऊस देतो. चिपळूणच्या वर वाशिष्ठीचे पाणलोट शेकडो चौरस किलोमीटरचे आहे, उतार उभे आहेत आणि जुलैत जमीन आधीच तुडुंब भिजलेली असते. हाच पाऊस आठ तासांत कोसळला तर आकडा तिप्पट होतो.

अवजलाचा दोष शून्य आहे, असे यातून निघत नाही. नदी काठोकाठ असताना वरून आलेले प्रत्येक हजार क्युसेक त्रास वाढवते, आणि कोळकेवाडीला स्वतःचेही पाणलोट आहे; धरण भरले की ते पाणी सोडावेच लागते. त्या धरणाचा एकूण साठा सव्वा टीएमसीच्या आसपास आहे आणि दरवाजांतून काढता येणारा भाग त्याहून बराच कमी. पूर्वसूचना न देता तो सोडला तर नदीकाठाला धोका होतो, आणि त्याबद्दल जाब विचारणे रास्तच आहे. मात्र शहरभर पाणी चढवण्याचे काम पावसाचे.

याची सरळ पडताळणी शेजारच्या गावांत होते. 2021 च्या त्याच पुरात सावित्रीकाठचे महाड आणि जगबुडीकाठचे खेड बुडाले. 26 जुलै 2005 ला महाडही बुडाले होते. या दोन्ही गावांच्या वर कोयनेचे एक थेंबही पाणी येत नाही.

‘कोयनेआधी पूर नव्हते’ हा दावा तर गावाची जागाच खोडून काढते. चिपळूण इथे वसले ते बंदरामुळे. भरतीच्या पाण्यावर गलबते दाभोळच्या खाडीतून गोवळकोटपर्यंत येत, माल उतरे आणि बैलांवर लादून कुंभार्ली घाटाने कराडकडे जाई. खाडीवर नजर ठेवायला गोवळकोटचा किल्ला आहे. बाजारपेठ, पेठमाप, मुरादपूर हे सगळे नदीलगतच्या सखल पट्ट्यात आले ते याच सोयीसाठी. हा सपाट पट्टा वाशिष्ठी आणि तिला मिळणाऱ्या शिवनदीने पुरांत आणलेल्या गाळाचाच बनलेला आहे. पूर येत नसते तर ही सपाटी झालीच नसती. जिथवर भरती गलबत आणू शकत होती, तिथवर ती पुराचे पाणी अडवूही शकते.

आणि यातच गाळाच्या दाव्याचे उत्तर आहे. पात्रात बेटे वाढली आहेत, पुलांच्या खांबांना गाळ अडकतो, शिवनदीचे तोंड आवळते. तिथला गाळ काढल्याने फायदा होतो, विशेषतः मध्यम पुरात आणि ओहोटीच्या वेळी. पण खाडीत पाण्याची पातळी समुद्र ठरवतो. भरतीच्या पातळीखाली पात्र आणखी दोन मीटर खोल केले तर तो खड्डा आधीच खाऱ्या पाण्याने भरलेला असतो; पुराला वाट मिळते ती मुख्यतः रुंदीतून. शिवाय वरचे डोंगर उघडे राहिले की काढलेली जागा काही पावसाळ्यांत पुन्हा भरते. काढलेला गाळ काठावरच रचून ठेवला तर पहिल्याच मोठ्या पावसात तो पात्रात परततो. म्हणून किती घनमीटर काढला याच्या जोडीने कुठून काढला आणि कुठे टाकला, हेही विचारा.

22 जुलै 2021 म्हणजे आषाढी एकादशीनंतरचा दुसरा दिवस. पौर्णिमा तोंडावर होती आणि उधाण चढत होते. तेव्हा मजकूर पुढे पाठवण्याआधी चार गोष्टी बघा: विसर्ग कोयना नदीत आहे की वाशिष्ठीत; आकडा क्युसेकचा आहे की क्युमेकचा (1 क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, 35.3 क्युसेक); पाणलोटात गेल्या सहा तासांत पाऊस किती झाला, आणि दाभोळला भरती किती वाजता आहे. प्रशासनाकडे मागायचे असेल तर हेच मागा: कोळकेवाडीचा दर तासाचा विसर्ग, वरच्या भागातला पाऊस आणि भरतीची वेळ एकाच फलकावर, आणि अतिवृष्टीत भरती चढत असताना वीजनिर्मिती थांबवण्याचा लेखी नियम.