शटर काउंट बघून व्हिडिओचा कॅमेरा घेऊ नका

लग्नसराई तोंडावर आली की शूटिंगवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरू लागतो. सोलापुरात फिरतो, पंढरपूर-अक्कलकोटकडेही पोचतो. मजकूर थोडक्यात असा: "जुना कॅमेरा घेताना शटर काउंट बघा, २० हजारांच्या आत असेल तर डोळे झाकून घ्या. हलवून बघा, आतून खडखडला तर सोडून द्या. व्हिडिओसाठी फुल फ्रेम आणि फोर-केच घ्या. बॅटरीची काळजी नको, डमी बॅटरी लावली की पॉवर बँकेवर दिवसभर चालतो."

हा सल्ला फोटोवाल्याचा आहे, आणि त्यातलाही अर्धाच. धंदा नव्याने सुरू करणारी मुलं पतसंस्थेतून पैसे उचलून जुनी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेतात आणि नेमकी याच मेसेजवर विसंबतात. म्हणून एकेक मुद्दा सोडवून बघू.

"शटर काउंट २० हजारांच्या आत, म्हणजे कॅमेरा नवाकोरा."

शटर म्हणजे सेन्सरसमोरचा, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चकतीसमोरचा, यांत्रिक पडदा. फोटो काढला की तो एकदा उघडतो-मिटतो आणि आकडा एकाने वाढतो, हाच शटर काउंट. व्हिडिओत तसं होत नाही. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यात, लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवर थेट चित्र) चालू केला की आरसा वर जातो, पडदा उघडतो आणि तसाच उघडा राहतो. तासभर रेकॉर्डिंग केलं तरी आकडा फार तर एक-दोनाने पुढे सरकतो. त्यामुळे चार सीझन हळदी-लग्नं-वराती मारलेल्या बॉडीवर आठ हजारांचा काउंट दिसू शकतो, आणि आतला सेन्सर मात्र हजारो तास तापलेला असतो. उलट निव्वळ फोटो काढलेली, ६० हजार काउंटची कॅनन ८० डी व्हिडिओसाठी जास्त ताजी असू शकते. तिचं शटर १ लाखाच्या हिशोबाने बनवलेलं आहे, फाइव्ह डी मार्क थ्रीचं दीड लाखाच्या आणि सोनी ए ७ थ्रीचं २ लाखांच्या.

व्हिडिओच्या बॉडीची झीज दुसरीकडे दिसते. एचडीएमआयच्या खाचेत मॉनिटरची केबल लावा, चालू चित्रावर ती अगदी हलक्या हाताने वर-खाली करा. चित्र लुकलुकलं तर खाच सैल झालेली आहे. पॅनासॉनिक जीएच ४ आणि सोनी ए ६३०० ला मायक्रो एचडीएमआय आहे, ती सगळ्यात नाजूक. ८० डीला मिनी आहे, जीएच ५ ला पूर्ण आकाराची. मग माइक लावा, हेडफोन कानाला लावून पिन खाचेत गोल फिरवा. खर्रखर्र ऐकू आली की समजायचं. फिरता स्क्रीन सगळ्या कोनांत उघडून-मिटून बघा. एखाद्या ठरावीक कोनात तो काळा पडत असेल तर आतली पट्टी मोडत आली आहे. बॅटरीच्या खाचेत टॉर्च मारा, पितळी पट्ट्यांवर हिरवट थर नको.

सगळ्यात महत्त्वाचा सेन्सर. आपल्याकडे शिवजयंती, आंबेडकर जयंती आणि गणपतीच्या मिरवणुकांत डीजेच्या गाडीवर लेझर असतो. तो झोत एकदा सरळ लेन्समध्ये शिरला की क्षणभरात सेन्सर जळतो. चित्रावर कायमचा रंगीत ठिपका राहतो, किंवा या कडेपासून त्या कडेपर्यंत बारीक रेघ. विकणारा दुकानात ट्यूबलाइटखाली दोन मिनिटं चित्र दाखवतो, त्यात हे सहसा सापडत नाही. त्यासाठी लेन्सला झाकण लावा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२००, शटर स्पीड १/५० ठेवा आणि १० मिनिटं रेकॉर्ड करा. ती फाइल मोठ्या स्क्रीनवर अंधाऱ्या खोलीत बघा. लाल-निळे ठिपके किती आहेत आणि सेन्सर तापत गेला तसे वाढले का, ते कळेल. नंतर झाकण काढून, लेन्सचं छिद्र एफ १६ एवढं बारीक करून पांढरा कागद शूट करा. फिकट, कडा पसरलेले करडे डाग म्हणजे धूळ. ती साफ होते. टोकदार, रंगीत आणि जागचं न हलणारं जे दिसेल ती जखम आहे. सेन्सर बदलायचा खर्च बहुतेक वेळा त्या जुन्या बॉडीच्या किमतीवर जातो, तेव्हा असा कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

"आतून खडखडला तर सोडून द्या."

हे ऐकून लोकांनी चांगल्या बॉडी नाकारल्या आहेत. जीएच ५ किंवा ए ७ थ्रीमध्ये सेन्सर स्थिरीकरणासाठी तरंगता बसवलेला असतो. कॅमेरा बंद असताना तो मोकळा असतो, त्यामुळे हलवल्यावर आवाज येणारच. कॅमेरा चालू करून हलवा. आवाज थांबायला हवा आणि स्क्रीनवरचं चित्र थरथरायला नको. चालू असतानाही चित्र एका बाजूला ओढलं जात असेल तर मात्र यंत्रणा बिघडली आहे.

"फुल फ्रेमच घ्या."

फुल फ्रेम म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढा मोठा सेन्सर. अंधारात त्याचा फायदा आहे, हे खरं. पण जुन्या फुल फ्रेम बॉडींची व्हिडिओची पद्धत बघा. कॅनन ६ डी २०१२ ची. ती व्हिडिओ काढताना सेन्सरच्या मधल्या ओळी गाळून चित्र बनवते. परिणामी बारीक नक्षीवर पाण्यासारख्या रंगीत लाटा उठतात. शूटिंगवाले त्याला मोअरे म्हणतात. शालूची जर, पैठणीचा काठ, नवरदेवाच्या शेरवानीचं विणकाम, नेमकं जे ग्राहकाला बघायचं असतं तिथेच हा दोष उमटतो. लहान सेन्सरची, २०१४ ची जीएच ४ फोर-केमध्ये हाच काठ स्वच्छ दाखवते.

तपासायला बाहेरून काही आणायला नको. घरातली सोलापुरी चादर दोरीवर टाका, दोन-तीन मीटरवरून कॅमेरा तिच्यावरून सावकाश फिरवा, झूमही थोडा पुढे-मागे करा. बारीक बुट्टीवर लाटा उठल्या तर त्या बॉडीवर साड्या शूट करायच्या नाहीत. एवढी भरवशाची चाचणी-पट्टी दुसऱ्या गावाला सहज मिळणार नाही.

"फोर-के असेल तरच घ्या."

डब्यावर फोर-के (फुल एचडीच्या चौपट पिक्सेलचं चित्र) लिहिलेलं असणं आणि कामात फोर-के वापरता येणं यात अंतर आहे. कॅनन एम ५० मध्ये फोर-के लावलं की चित्र आणखी कापलं जातं आणि ड्युअल पिक्सेल हा कॅननचा जलद ऑटोफोकस बंद होतो. सोबत मिळणारी किटची १५ मिलिमीटरची लेन्स मग फुल फ्रेमच्या ३८ मिलिमीटरसारखी वागते. हळदीच्या दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभं राहिलात तरी नवरी आणि करवल्या एका चौकटीत मावत नाहीत, वर फोकस मागे-पुढे शोधत बसतो. त्याच कॅमेऱ्याचं फुल एचडी मात्र उत्तम आहे. ए ६३०० चं फोर-के सुंदर, पण ती तापून बंद पडते.

साठवणुकीचाही हिशोब आधी करा. सेकंदाला १०० मेगाबिटच्या रेकॉर्डिंगला तासाला ४५ जीबी लागतात. सहा तासांच्या लग्नाला २७० जीबी, दोन कॅमेऱ्यांचे ५४०. कार्ड व्ही ३० लिहिलेलं हवं, म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिणारं. नाहीतर रेकॉर्डिंग मध्येच आपोआप थांबतं.

मेसेजमध्ये जे नाहीच ते याहून मोठं आहे: एका दमात किती वेळ रेकॉर्ड होतं? कॅननच्या बहुतेक जुन्या डीएसएलआर २९ मिनिटं ५९ सेकंदांवर थांबतात. ए ६३००, ए ६५०० आणि ए ७ थ्रीही अर्ध्या तासाच्या आत थांबतात. युरोपात अर्धा तास किंवा जास्त रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यावर व्हिडिओ कॅमेऱ्याचा जादा कर लागायचा, त्यामुळे कंपन्यांनी ही मर्यादा घातली. जीएच ५ आणि ए ६४०० ला ती नाही. दोन तासांचं कीर्तन, किंवा जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा शूट करायचा असेल तर हा फरक जीवघेणा ठरतो. अक्षता पडतात त्या क्षणाला रिटेक नाही.

आवाजाचंही बघा. कॅनन १५०० डी, ३००० डी आणि सोनी ए ६००० यांना माइकची साधी ३.५ मिलिमीटरची खाचच नाही. बाजारात या बॉडी ढिगाने आणि स्वस्त मिळतात, म्हणून हे ठळक सांगायला हवं.

परदेशातून आलेली बॉडी असेल तर मेनूत पाल/एनटीएससी (सेकंदाला २५ की ३० फ्रेमची पद्धत) बदलता येतं का ते बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेम आणि शटर १/५०. काही बॉडी ३० फ्रेमलाच बांधलेल्या असतात. तिथेही शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर दिवे लुकलुकत नाहीत. जपानी बाजारातल्या सोनी बॉडीत मेनू फक्त जपानीत असतो आणि तो बदलत नाही.

"डमी बॅटरी आणि पॉवर बँक, दिवसभर निवांत."

या एका वाक्याने सगळ्यात जास्त फाइली खाल्ल्या आहेत.

कॅमेऱ्याची बॅटरी ७.२ व्होल्टची, भरल्यावर ८.४. पॉवर बँक देते ५ व्होल्ट. डमी बॅटरी म्हणजे खऱ्या बॅटरीच्या आकाराचा, बाहेरून वीज घेणारा पोकळ ठोकळा. यूएसबीवाल्या डमी बॅटरीच्या केबलमध्ये एक छोटं सर्किट असतं, ते ५ चे ८ करतं. पॉवर बँकेवरचा १०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ३७ वॉट-तास. दोनदा व्होल्टेज बदलताना घट जाऊन हातात २८ ते ३० उरतात. फोर-के रेकॉर्ड करताना कॅमेरा ७ वॉट खात असेल तर चार तास झाले. दिवसभर नव्हे.

शिवाय ७ वॉटसाठी ५ व्होल्टवर पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट ओढला जातो. पॉवर बँकेच्या १ अँपिअरच्या भोकात पिन घातली की कॅमेरा चालू होतो, मेनू दिसतो, आणि रेकॉर्डचं बटण दाबलं की मरतो. फोन चार्ज करायची दोन मीटरची बारीक केबल वापरली तरी तेच होतं, कारण एक-दीड व्होल्ट तारेतच जिरतात. केबल जाड आणि आखूड घ्या, भोक किमान ५ व्होल्ट ३ अँपिअरचं हवं. पॉवर बँक चार्जिंगला लावून तिच्यावरच कॅमेरा चालवू नका: लाइट जाते-येते त्या क्षणी बऱ्याच पॉवर बँका पळभर पुरवठा तोडतात.

पळभरसुद्धा का चालत नाही? एमपी ४ किंवा एमओव्ही फाइलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहिली जाते. त्याआधी वीज गेली की चित्र कार्डावर असतं, पण फाइल उघडत नाही. डमी बॅटरीमागे खरी बॅटरी नसते, त्यामुळे ती अडॅप्टरने बोर्डाला जोडली असेल तर मांडवातली लाइट जाऊन जनरेटर उचलेपर्यंतचे दहा सेकंद पुरे होतात. असं झालंच तर त्या कार्डावर पुढे काहीही रेकॉर्ड करू नका. आधी कार्ड त्याच कॅमेऱ्यात घालून चालू करा, काही कॅमेरे दुरुस्ती विचारतात. नाही विचारली तर 'अनट्रंक' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याला त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक धड फाइल नमुना म्हणून द्यावी लागते.

यापेक्षा एनपी-एफ ९७० बॅटरी (सोनीच्या घडणीची जाड व्हिडिओ-बॅटरी) आणि ती बसवून डमीला ८ व्होल्ट स्थिर देणारी प्लेट घ्या. अस्सल बॅटरी ४७ वॉट-तासांच्या घरात असते, सहा तासांच्या जवळपास जाते. डुप्लिकेटवर ८-९ हजार एमएएच छापलेलं असलं तरी ती हलकी लागली तर ओळखा काय ते. कॅननच्या ८० डी किंवा फाइव्ह डी मार्क थ्रीमध्ये मेनूत बॅटरीची माहिती उघडा: तीन हिरव्या चौकटी म्हणजे चांगली, एक लाल म्हणजे टाकायची. निकॉनमध्ये बॅटरीचं वय ० ते ४ दिसतं, ४ म्हणजे बदला. आणि फुगलेली बॅटरी खाचेत कधीही दाबून बसवू नका, ती अडकली की बॉडी उघडावी लागते. यूएसबीवर थेट चालणं हेही सगळीकडे नाही: जीएच ५ ला यूएसबी-सी आहे पण ती त्यावरून चार्ज होत नाही, जीएच ५ टू होते.

स्वस्त अडॅप्टर थेट बोर्डात लावला आणि आवाज मिक्सरवरून घेतला तर फाइलभर घूंऽऽ गुणगुण येते. तिथे एनपी-एफवर चालवा, गुणगुण गेली तर दोष अडॅप्टरचाच.

राहता राहिली उष्णता. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. आपली लग्नं एप्रिल-मेची, आणि सोलापूर तेव्हा सावलीतच ४० ओलांडतं. स्क्रीन बॉडीपासून बाहेर वळवून ठेवा, पांढरं कापड टाका, सोनीत 'ऑटो पॉवर ऑफ टेंप' हे सेटिंग 'हाय' करा. गाडीच्या डॅशबोर्डवर बॅटरी चार्ज करू नका.

म्हणून जुना कॅमेरा बघायला सकाळी जाऊ नका. दुपारी दोनला जा, आपलं व्ही ३० कार्ड, माइक आणि मॉनिटर सोबत न्या. विकणाऱ्याला सांगून ४५ मिनिटं सलग, त्यातली निम्मी उन्हात, सगळ्यात वरच्या सेटिंगला रेकॉर्ड करा. मर्यादावाली बॉडी असेल तर थांबल्या क्षणी पुन्हा सुरू करा. तळाचा सिरियल नंबर बिलाशी ताडून बघा. हातात असलेल्या पैशांतले निम्मेच बॉडीवर घाला, बाकीचे लेन्स, बॅटऱ्या, कार्ड आणि माइकला लागतात. आणि ती ४५ मिनिटांची फाइल घरच्या संगणकावर शेवटपर्यंत बघितल्याशिवाय विसाराचा रुपयाही देऊ नका.