लष्कराच्या भाकऱ्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘परखड वाचक’ यांस,

डिअरबॉर्नच्या ॲक्सेस या संस्थेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही टाकलेली प्रतिक्रिया वाचली. वाचून राग आला म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. नंतर शांतपणे पुन्हा वाचली, तेव्हाही रागच आला. म्हटलं, आता देऊनच टाकावं.

मूळ लेख ज्यांच्या नजरेतून सुटला त्यांच्यासाठी: अमेरिकेत मिशिगन राज्यात, डेट्रॉइटला खेटून असलेल्या डिअरबॉर्नमध्ये अरबी बोलणाऱ्या स्थलांतरितांसाठी १९७१ साली एका दुकानाच्या गाळ्यात ही संस्था सुरू झाली. ती ज्यांनी उभी केली, त्या माणसांबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर परखड वाचकांचं म्हणणं असं, की लेख फार लांब आहे आणि त्यात नावांची जंत्री आहे. आज तिथे पगारी माणसं काम करतात, सरकारी अनुदानं आणि मोठ्या देणग्यांवर गाडा चालतो, त्याबद्दल अवाक्षर नाही. मदत घ्यायला येणाऱ्यांचं म्हणणं कुठेच नाही. मॅल्कम एक्स या काळ्या अमेरिकन मुसलमान नेत्याचं नाव उगाच सनसनाटीसाठी आणलंय. आणि शेवटी हे, जसंच्या तसं देते: ‘ताई, एवढा रिकामा वेळ असेल तर परक्यांसाठी लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यापेक्षा आपल्या मंडळात वर्षभर झाडू मारा. आपल्या माणसांचे आशीर्वाद तरी मिळतील.’

लेख लांब झाला, हे मान्य. माझा नवराही तेच म्हणाला, आणि तो तर अर्ध्यात सोडून उठला.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते.

आधी ‘ताई’ म्हणायचं आणि मग हातात झाडू द्यायचा, ही रीत माझ्या चांगली ओळखीची आहे. हाच लेख एखाद्या साहेबांनी लिहिला असता तर तुम्ही त्यांना ‘दादा, झाडू मारा’ म्हणाला असतात का? त्यांना कार्यकारिणीवर यायचं आमंत्रण दिलं असतंत. आणि माझा वेळ रिकामा आहे हे कोणी सांगितलं तुम्हाला? मी नोकरी करते. बर्फात गाडी खरवडून सकाळी सातला बाहेर पडते. शनिवारची एक सकाळ मी कशी घालवते याचा हिशेब घरच्यांनीही कधी मागितलेला नाही.

तरी मंडळाचा विषय तुम्हीच काढला आहे म्हणून सांगते. आम्ही मिशिगनला आलो त्या वर्षापासून गणपतीच्या मसालेभाताला मी आहे. आजही कांदा चिरायला बसते. सतरंज्या घालणं, त्या गुंडाळणं, शाळेचा भाड्याचा हॉल रात्री बारापर्यंत रिकामा करून देणं, कोजागरीला आटवलेल्या दुधाचं खाली लागलेलं पातेलं घासणं, सगळं केलं आहे. यातलं एक अक्षरही मी आजवर ब्लॉगवर लिहिलं नव्हतं, कारण ते मिरवण्यासारखं आहे असं मला वाटलं नाही. तुम्ही लिहायला लावलंत. तुम्ही त्या हॉलमध्ये कुठे होतात हे मला सांगता येणार नाही, कारण तुम्ही टोपणनावाने लिहिता. परखडपणा नाव झाकूनच का सुचतो, हा प्रश्न मी गिळून टाकते.

बरं, ‘परके’. यावर मात्र मी थोडी बोलणार आहे, आणि लांब झालं तर होऊ दे.

माझे वडील राजापूर तालुक्यातले. वयाच्या सतराव्या वर्षी मुंबईला आले ते लालबागला, गावकरी मंडळाच्या खोलीत. ती खोली तुम्ही पाहिली आहे का, मला माहीत नाही. एकेकाची एक ट्रंक, भिंतीला खुंटी, वळकटी. दिवसपाळीवाले कामावर गेले की त्यांच्या जागेवर रातपाळीवाले झोपणार. बायकापोरं गावाला. मनीऑर्डर दर महिन्याला. पत्र लिहिता येत नसे त्यांची पत्रं माझे वडील लिहीत, कारण ते सातवी शिकलेले. जेवण खानावळीत, महिन्याच्या बोलीवर. आमची एक आत्या तशी खानावळ चालवायची, पोळ्या लाटून लाटून तिचे खांदे गेले. अशाच बायकांना १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, बँकेची कर्जं मिळवून दिली, म्हणून सावकाराच्या तावडीतून त्या सुटल्या. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यातल्या. लालबागच्या बायका त्यांच्या कोण लागत होत्या? त्याही भाकऱ्या लष्कराच्याच म्हणायच्या का?

आता डिअरबॉर्नचा साउथ एंड. फोर्डचा रूज कारखाना आणि त्याच्या धुराड्यांच्या सावलीतली वस्ती. १९६५ च्या कायद्याने देशवार कोटे उठले आणि तुमचा-माझा या देशात यायचा रस्ता मोकळा झाला, त्याच कायद्याने येमेनी माणसंही मोठ्या संख्येने इथे आली. त्यांच्या आधी लेबनानी आले होते. येमेनी बहुतेक एकटे पुरुष. एका घरात कितीतरी जण, कारखान्याच्या पाळ्या, पैसे गावी. धुतलेले कपडे दोरीवर घातले तर त्यांवर काजळी बसायची. माझ्या वडिलांना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘भाडं कोण गोळा करायचा?’ म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं.

आणि १९८२! दत्ता सामंतांचा संप १८ जानेवारीला सुरू झाला आणि आमच्या घरात पगार येणं थांबलं ते कायमचं. त्याच सुमारास डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांतून हजारोंनी माणसं घरी बसत होती. साउथ एंडमधली माणसं त्या वेळी बेकारभत्त्याचे कागद घेऊन ॲक्सेसच्या दारात उभी राहत, कारण फॉर्म इंग्रजीत आणि त्यांना येत होती फक्त अरबी. आमच्या चाळीत असं दार नव्हतं. म्हणून मी त्या दाराबद्दल लिहिते. आता कळलं का?

नावांची जंत्री म्हणालात. त्या जंत्रीतली एक बाई घ्या. आलिया हसन. १९१० साली साउथ डकोटातल्या कडोका नावाच्या खेड्यात जन्म, तिथे जमीन कसायला गेलेल्या अरब मुसलमान कुटुंबात. पुढे न्यूयॉर्कमध्ये खाजगी गुप्तहेर म्हणून काम केलं. हो, बाई आणि गुप्तहेर, त्या काळात. मॅल्कम एक्सशी ओळख होती, आणि १९६५ साली त्यांची हत्या झाल्यावर इस्लामी पद्धतीने दफन व्हावं म्हणून झटणाऱ्यांत त्या होत्या. हे तुम्हाला सनसनाटी वाटलं. मला वाटतं, मयताची व्यवस्था पाहणारं माणूस कोण असतं हे ज्याने एकदा तरी परदेशात मृत्यूचे कागद गोळा केले आहेत त्याला विचारावं. आयुष्याची साठी उलटल्यावर ही बाई डिअरबॉर्नला आली, निवृत्तीच्या वयात, आणि ॲक्सेसची धुरा सांभाळायला लागली. संस्थेत पैसे नव्हते. दार उघडायचं, माणूस काय कागद घेऊन आलाय ते बघायचं, त्याच्याबरोबर कचेरीत जायचं, हे काम.

त्यांचा नातू इस्माईल अहमद. संस्थेच्या सुरुवातीच्या पोरांपैकी एक, कारखान्यात काम केलेला. १९८३ पासून २००७ पर्यंत त्याने संस्था चालवली आणि मग राज्य सरकारचं मानवी सेवा खातं. यात घराणेशाही शोधणारेही सापडतील (तुम्ही शोधली नाहीत, याबद्दल आभार). वेन स्टेट विद्यापीठातल्या मानववंशशास्त्रज्ञ बार्बरा अस्वद त्याच वस्तीत अभ्यासाला आल्या आणि नुसता अभ्यास करून परत गेल्या नाहीत.

ही सगळी मंडळी एकत्र का आली हे तुम्ही वाचलंत की तेवढा भाग गाळलात? वस्तीच जाणार होती. शहराला ती जागा कारखान्यांसाठी हवी होती. घरं विकत घ्यायची, पाडायची, उरलेल्यांना दुरुस्तीची परवानगी द्यायची नाही, म्हणजे भाव आपोआप पडतात. गिरणीच्या जमिनींचं काय झालं ते पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला लागू नये. रहिवासी कोर्टात गेले. अमेन या कुटुंबाच्या नावाने तो खटला ओळखला जातो. १९७३ साली फेडरल न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला, पुढे अपिलांत तो वर्षानुवर्षं रेंगाळला, पण वस्ती राहिली. आजही आहे. कँटनहून मिशिगन ॲव्हेन्यू धरलात तर वाटेत दिव्यांवर थांबत थांबतसुद्धा तुम्ही दुपारच्या चहाआधी तिथे पोहोचाल.

त्याच रस्त्यावर जुन्या सिटी हॉलसमोर अरब अमेरिकन संग्रहालय आहे, तेही ॲक्सेसनेच उभारलेलं. २००५ च्या मे महिन्यात उघडलं. समोरच्या इमारतीतून ऑर्व्हिल हबर्ड या महापौराने १९४२ ते १९७८ शहर चालवलं. काळ्या माणसांना शहरात घर मिळू नये हे त्याचं उघड धोरण. संग्रहालय उघडलं तेव्हा रस्त्यापलीकडे त्याचा पुतळा उभा होता, आणि तो तिथून हलला २०१५ साली. उद्घाटनाच्या वेळचे महापौर मायकेल ग्विडो. हे गृहस्थ १९८५ साली निवडणुकीला उभे राहिले ते ‘अरब समस्ये’चं पत्रक घरोघर वाटून, आणि निवडून आले. वीस वर्षांत समस्येचं संग्रहालय झालं आणि महापौर तेच! आता २०२२ पासून त्या शहराचे महापौर अब्दुल्ला हम्मूद आहेत. हे कोणी आशीर्वाद देऊन झालेलं नाही.

आणि ‘आपली माणसं’ म्हणता, तर जनगणनेचा कागद आठवा. ‘एशियन इंडियन’ हा चौकोन तुम्ही सहज टिचकी मारून भरता, तो १९८० च्या जनगणनेत आला, कारण त्याआधी इथल्या भारतीयांच्या संघटनेने सरकारदरबारी खेटे घातले. अरबांची गणना मात्र गोऱ्यांत होत राहिली, त्यामुळे किती माणसांना दुभाषा लागतो, किती जणांना मधुमेह आहे, हे मोजायची सोयच नव्हती. मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका असा वेगळा वर्ग केंद्र सरकारच्या नियमांत आला तो थेट मार्च २०२४ मध्ये. त्यासाठी भांडणाऱ्यांत ही माणसं पुढे होती. आपल्याला चौकोन मिळाला म्हणून ज्यांना मिळाला नाही ते परके, असा हिशेब मला जमत नाही.

राहिले तुमचे इतर मुद्दे. अनुदानं आणि पगारी नोकर: संस्था मोठी झाली की हे येतंच, त्यात शोध लावण्यासारखं काय आहे? लेख माणसांबद्दल होता, ताळेबंदाबद्दल नव्हता. ताळेबंद जाहीर असतात, हौस असेल तर वाचा. कधी वाटलं तर त्यावरही लिहीन.

मदत घ्यायला येणाऱ्यांचं म्हणणं कुठे आहे, हे मात्र तुम्ही असं विचारलंय जणू मी ते लपवून ठेवलं. मी ॲक्सेसमध्ये बसत नाही. दुसऱ्या एका हॉलमध्ये, साध्या घडीच्या टेबलावर, शनिवारी फॉर्म भरायला बसते. मला अरबी येत नाही. शेजारी दुभाषा मुलगी असते, ती सांगते ते मी रकान्यात घालते. आडनावाच्या रकान्याशी पहिली मारामारी, कारण पासपोर्टवर माणसाचं, बापाचं आणि आज्याचं अशी नावं ओळीने असतात आणि यंत्राला त्यातलं एकच हवं असतं. मग जन्मतारीख. एक जानेवारी. पुढच्याचीही एक जानेवारी. खिडकीतला अधिकारी अशा वेळी भुवया वर करतो. मी नाही करत, कारण माझ्या सासऱ्यांची, त्यांच्या दोन्ही भावांची आणि शाळेत मास्तरांनी अंदाजाने घातलेल्या निम्म्या महाराष्ट्राची जन्मतारीख एक जून आहे. हे मी त्या मुलीला सांगितलं, तिने समोरच्या आजोबांना सांगितलं, आणि ते इतके हसले की त्यांचा चष्मा फॉर्मवर पडला.

यापुढचं त्यांनी जे सांगितलं ते मी लिहिणार नाही. त्यांच्या मुलाचे कागद अजून अडकलेले आहेत. नाव बदललं तरी गाव, वय, कारखाना जुळवून ओळखणारे लोक असतात, आणि माझा ब्लॉग कोण कोण वाचतं हे मला ठाऊक नाही. तुमचंच नाव मला ठाऊक नाही. म्हणून लेखात ज्यांची नावं आधीपासून लोकांसमोर आहेत त्यांच्याबद्दलच लिहिलं आणि पुढेही तसंच लिहीन. तुम्हाला ते अपुरं वाटत असेल तर वाटू दे. प्रतिक्रिया काढून टाकणार नाही, खाली तशीच राहील.