ओक्लाहोमाची सरकारी थाळी

१९८८ साली ओक्लाहोमा राज्याच्या विधिमंडळानं एक जेवण मंजूर केलं. खरंच, रीतसर. राज्याचा पक्षी असतो, राज्याचं फूल असतं, तसं 'राज्याचं जेवण'. आता त्या ताटात काय काय वाढलंय बघा: तळलेली भेंडी, स्क्वॉश म्हणजे भोपळ्याचं धाकटं भावंड, कॉर्नब्रेड, बार्बेक्यू केलेलं पोर्क, बिस्किटं (चहात बुडवायची नव्हेत, लुसलुशीत पावासारखी), सॉसेज आणि ग्रेव्ही, ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, मका, स्ट्रॉबेरी, चिकन फ्राइड स्टेक, पिकॅन पाय (अक्रोडासारख्या पिकॅनचं सारण भरलेला गोड प्रकार) आणि चवळी. चिकन फ्राइड स्टेकमध्ये चिकन औषधालाही नसतं, बीफ असतं. चिकनसारखं पिठात घोळवून तळतात म्हणून ते नाव. नावावर विसंबून मागवलं आणि अर्धं संपल्यावर कळलं, असे दोन जण माझ्या ओळखीत आहेत. (याच राज्यानं २००७ साली कलिंगडाला 'राज्याची भाजी' ठरवलं. त्यावर मी काही बोलत नाही.)

ही यादी मी इथून, न्यू जर्सीहून, फोनवर आईला वाचून दाखवली. आई कुडाळला असते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भेंडी आणि चवळी? मगे थंय जावन नवीन काय खातंस?"

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक नकाशा फिरत होता. '५० राज्यं, ५० पदार्थ'. प्रत्येक राज्यावर एकेक चित्र चिकटवलेलं. खाली पहिलीच प्रतिक्रिया, "५० कशाला, एक बर्गर काढला असता तरी भागलं असतं." त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मला नकाशाही पटला नाही आणि बर्गरही. ग्रुपवर लिहिलं असतं तर 'काका परत सुरू झाले' म्हणाले असते, म्हणून इथे लिहितोय.

बर्गरवाल्यांचं आधी. आपण गाडी काढतो, हायवेच्या एक्झिटवर चार-पाच ओळखीचे बोर्ड दिसतात, त्यातल्याच एका ठिकाणी शिरतो. बरोबर शाकाहारी माणूस असेल तर तिथे निदान फ्राइज मिळतील याची खात्री असते. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. आणि मग घरी येऊन म्हणायचं की या देशाला स्वतःचं खाणंच नाही! मुंबई-गोवा हायवेवर सगळीकडे वेफर्स खात यायचं आणि कोकणात काही मिळत नाही म्हणायचं, त्यातलाच प्रकार.

नकाशावाल्यांची चूक जास्त मजेदार आहे. इथल्या बऱ्याच राज्यांच्या सीमा पट्टी ठेवून आखल्यासारख्या आहेत. खाणं त्या रेषा पाळत नाही. ते नदीकाठानं जातं, खाणीच्या तोंडाशी थांबतं, बंदरात उतरतं.

आमचं न्यू जर्सीच घ्या. नकाशात आमच्यावर डुकराच्या मांसाची गुलाबी चकती होती, अंडं आणि चीजबरोबर पावात घातलेली. पदार्थ बरोबर, पण नाव? ट्रेंटनच्या जॉन टेलर नावाच्या माणसानं १८५६ च्या सुमारास हा प्रकार काढला आणि त्याला हॅम म्हणून विकलं. १९०६ साली खाद्यपदार्थांच्या शुद्धतेचा कायदा आला. हॅमच्या व्याख्येत हे बसेना, म्हणून कागदोपत्री नाव झालं 'पोर्क रोल'. दक्षिण जर्सीनं कायदा मानला. उत्तर जर्सी आजही 'टेलर हॅम'च म्हणते. आम्ही राहतो एडिसनला, बरोबर मधे. मधली जर्सी मुळात अस्तित्वातच नाही असं दोन्हीकडचे लोक छातीठोकपणे सांगतात, त्यामुळे डेलीत, म्हणजे सँडविचच्या दुकानात, काय म्हणावं हा माझा १९ वर्षांचा प्रश्न आहे. मी बोट दाखवतो.

बार्बेक्यूचं तर विचारूच नका. नॉर्थ कॅरोलायनात पूर्वेकडे अख्खं डुक्कर भाजतात आणि त्यावर नुसतं व्हिनेगर-मिरचीचं पाणी. पश्चिमेकडे लेक्सिंग्टनच्या बाजूला फक्त खांदा, आणि सॉसमध्ये थोडा केचप. त्या थोड्या केचपवरून एकमेकांची अक्कल काढतात. खाली साउथ कॅरोलायनात मोहरीचा पिवळा सॉस, अलाबामात मेयोनेजचा पांढरा. टेक्सासात डुक्कर बाजूला आणि गोमांसाचा ब्रिस्केट, म्हणजे छातीचा तुकडा, पुढे, कारण तिथे जर्मन आणि चेक खाटकांची दुकानं होती. एका राज्याला एक पदार्थ? मिसळीला 'महाराष्ट्राची मिसळ' असं एकच चित्र लावा आणि मग कोल्हापूर, पुणे, नाशिकच्या माणसांना एका खोलीत बसवा.

आता भेंडी.

पाच वर्षांपूर्वी न्यू ऑर्लिन्सला गेलो होतो. लुईझियाना म्हटलं की गंबो, तोच त्यांचा सरकारी पदार्थही आहे. 'गंबो' हा शब्द पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या भाषांमधल्या भेंडीच्या नावावरून आला असं मानतात. जहाजांत कोंबून आणलेल्या गुलामांबरोबर भेंडी अमेरिकेत आली. म्हणजे त्या राज्याच्या सगळ्यात मानाच्या पदार्थाचं नाव शब्दशः 'भेंडी' आहे. हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो बायकोला कळला नाही. ती पुण्याची आणि शाकाहारी, आणि त्या भेंडीत कोळंबी होती.

गंबो दाट करायच्या तीन रीती आहेत आणि त्या एकाच भांड्यात तीन खंडांतून आल्यात. एक भेंडी, आफ्रिकेची. दुसरी फिले, म्हणजे ससाफ्रास झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड, तिथल्या मूळच्या चॉक्टॉ लोकांची. तिसरी रू, फ्रेंचांची: तेलात किंवा लोण्यात मैदा भाजायचा. पण फ्रेंच जिथे थांबतात तिथे लुईझियानावाले थांबत नाहीत. बेसनाच्या लाडवाला हात दुखेपर्यंत परततो तसं परतत राहतात, मैदा चॉकलेटच्या रंगावर येईपर्यंत. एक क्षण चुकला की करपलं, आणि करपलेलं सगळं फेकायचं. त्यात मग कांदा, सेलरी आणि भोपळी मिरची. या तिघांना तिथे 'होली ट्रिनिटी' म्हणतात, देवाच्या जागी बसवलंय. या सगळ्यात ब्रिटिशांनी १७५५ पासून कॅनडातल्या अकेडियातून हाकलून दिलेल्या फ्रेंच लोकांचीही भर पडली. त्यांचेच वंशज आजचे केजन. हाकललेले, पळवून आणलेले आणि ज्यांची जमीन गेली ते, असे सगळे एका पातेल्यात.

मला मात्र खरी गंमत वाटली ती तारेची. आपण आयुष्यभर भेंडीची तार मोडत आलो. धुऊन पुसून घ्या, झाकण ठेवू नका, लिंबू पिळा, आमसूल (आमची सोलां) घाला, ताक घाला. तिथल्या बाईनं भेंडी रश्शात सोडली आणि तार सुटायला लागल्यावर समाधानानं म्हणाली, आता जमतंय. तीच भाजी, आपण जे घालवायला धडपडतो त्यासाठीच ते ती घालतात.

चवळीचीही अशीच वाट. मूळची आफ्रिकेची. आपल्याकडे ती फार फार पूर्वी आली, अमेरिकेत गुलामांबरोबर. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर तिच्यात भात घालून 'हॉपिन जॉन' करतात, १ जानेवारीला खाल्लं की वर्ष चांगलं जातं म्हणून. आणि तो तांदूळ, 'कॅरोलायना गोल्ड', ज्याच्या जोरावर चार्ल्स्टनचे मळेवाले गडगंज झाले, तो दलदलीत पिकवायचं ज्ञान पश्चिम आफ्रिकेतल्या भातशेतीच्या किनाऱ्यावरून पकडून आणलेल्या माणसांकडे होतं. बांध घालायचे, भरतीच्या पाण्यानं खाचरं भरायची, ओहोटीला सोडायची. आमच्याकडच्या खाडीकाठच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. त्यांच्यापैकी अनेकांचे वंशज, गला-गीची लोक, अजून त्या बेटांवर आहेत. तांदळाच्या नावात मात्र राज्य आहे, माणसं नाहीत.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना: दक्षिणेत 'भाजी' मागवली तरी विचारून घ्या. चवळी असो की कॉलर्डचा पाला, शिजवताना आत डुकराचं हाड टाकायची पद्धत आहे. तळलेली भेंडी, ग्रिट्स, कॉर्नब्रेड यांवर बायकोनं चार दिवस काढले. तेही प्रत्येक ठिकाणी तेल-तुपाची चौकशी करून.

मिशिगनचा वरचा तुकडा, अप्पर पेनिन्सुला, हा खरं तर जमिनीनं विस्कॉन्सिनला चिकटलेला आहे. मिशिगनशी त्याला जोडणारा मॅकिनॉ पूल झाला १९५७ साली. पुलाच्या खाली राहणाऱ्यांना वरचे लोक गमतीनं 'ट्रोल' म्हणतात, पुलाखालचे राक्षस. तिथला पदार्थ पेस्टी. मोठ्या करंजीसारखी, आत मांस, बटाटा, कांदा आणि रुटाबागा नावाचं सलगमासारखं कंद. १८४० च्या दशकात इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून तांब्याच्या खाणींत कामाला आलेल्यांनी ती आणली. खिशात मावते, हातात धरून खाता येते, खाली अंधारात काटा-चमचा लागत नाही. पुढे फिनलंडचे लोक खाणीत आले, त्यांनी ती इतकी आपली केली की ती फिनिशच आहे असं तिथे अनेकांना वाटतं. मी खाल्लेली जरा कोरडी होती, खरं सांगतो. मी केचप मागितला तर शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी मान डोलावली आणि त्यांच्या बायकोनं नापसंतीनं बघितलं. ती ग्रेव्हीवाली निघाली. घरोघरी!

मेरीलँडचे खेकडे मात्र आम्हा मालवणी माणसांच्या अखत्यारीतला विषय आहे, तिथे मी गप्प बसणार नाही. टेबलावर कागद अंथरतात, वाफवलेले निळे खेकडे ढिगानं ओततात, हातात लाकडी हातोडी देतात. वरून लालसर मसाला, ओल्ड बे. तो बनवणारा गुस्ताव ब्रुन हा जर्मनीतला ज्यू मसालेवाला. १९३८ च्या नोव्हेंबरात नाझींनी त्याला बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकलं. कसाबसा सुटला, कुटुंबाला घेऊन अमेरिकेत आला आणि बाल्टिमोरच्या मासळी बाजारासमोर मसाल्याचा धंदा मांडला. खेकडे वाफवणारे मसाले न्यायला यायचे, ते बघून त्यानं स्वतःचं मिश्रण केलं. आज मेरीलँडची माणसं तो मसाला चिप्सवर, मक्यावर, कशावरही टाकतात. निर्वासित येऊन दोन-चार वर्षांत एका राज्याची चव ठरवून जातो, याला काय म्हणायचं!

पण तक्रार आहेच. मसाला कवचावर राहतो. आत मांसापर्यंत पोचतो तो तुमच्या बोटांवरून. कुर्ल्यांचं सार प्यायलेल्या माणसाला हे अर्धवट सोडल्यासारखं वाटतं. अर्थात त्या गोड्या मांसाला आपण वाटणात बुडवून मारतो, असं तिकडचा माणूस म्हणेल. म्हणू दे.

व्हरमाँटचं एका वाक्यात: १९९९ च्या कायद्यानुसार तिथे ॲपल पाय देताना सोबत थंड दूध, निदान अर्धा औंस चेडर चीज किंवा व्हॅनिला आइस्क्रीमचा मोठा गोळा देण्याचा 'प्रामाणिक प्रयत्न' करायचा असतो.

बायकोला या सगळ्यात आवडलं ते न्यू मेक्सिको. हॉटेलात बसल्या बसल्या विचारतात, "रेड ऑर ग्रीन?" हा तिथला अधिकृत 'राज्य-प्रश्न' आहे. आणि दोन्ही हवं असेल तर उत्तर द्यायचं "ख्रिसमस". दोन्ही एकाच झाडाच्या मिरच्या, हिरवी आधी तोडलेली, लाल पिकू दिलेली. आज ज्या जातीच्या मिरच्या तिथे पिकतात त्यांचा पाया घातला फाबियान गार्सिया या मेक्सिकोत जन्मलेल्या शास्त्रज्ञानं. त्यानं १९२१ साली 'न्यू मेक्सिको नंबर ९' हे वाण दिलं, बाहेरच्यांनाही झेपेल इतपत सौम्य. ऑगस्टच्या अखेरीस दुकानांबाहेर जाळीचे पिंप गॅसच्या ज्वाळांवर फिरवत पोत्यानं मिरच्या भाजतात. पार्किंगमध्ये उतरल्याबरोबर तो वास आला आणि बायको म्हणाली, "कुणीतरी ठेचा करतंय." इथेही बीन्समध्ये डुकराची चरबी आणि हिरव्या रश्शात पोर्क असू शकतं, तेवढं विचारायचं. आणि मिरची मुळात अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली, हे मी सांगायला लागलो तेव्हा ती मिरच्यांची पिशवी गाडीत ठेवायला निघून गेली होती.

मागच्या उन्हाळ्यात आई तीन महिने इथे होती. तिच्यासाठी मी गंबो केला. पाऊण तास उभं राहून मैदा परतला, करपू दिला नाही. कोळंबी घातली, शेवटी भेंडी. दाट, चकचकीत, अगदी न्यू ऑर्लिन्ससारखी तार आली होती. आई मागे येऊन उभी राहिली. पळी उचलून बघितली, तार पळीपासून पातेल्यापर्यंत लोंबली.

"तार मोडूक नाय तू?"

मी आफ्रिकेपासून सुरुवात केली. चॉक्टॉंपर्यंत पोचलो असेन. आई फडताळ उघडून डबे हलवत होती.

"सोलां खंय ठेवलंस?"