डबीतलं ऑइल उपसलं म्हणजे ब्रेक ऑइल बदललं नव्हे

एक फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय. बॉनेट उघडा, ब्रेक ऑइलच्या डबीतलं काळं ऑइल सिरिंजनं ओढा, नवं भरा, झालं काम! पुढे पुस्ती अशी: सिस्टीम बंद, म्हणजे सील असते, म्हणून ऑइल काळं पडेपर्यंत हात लावू नका, डबी एकच, तेव्हा क्लचचंही आपोआप बदलतं, आणि ब्रेक ऑइलच्या डॉट ३, ४, ५ अशा प्रकारांत डॉट ५ सगळ्यात भारी.

आधी 'बंद सिस्टीम'. नावाला ऑइल, पण हे ग्लायकॉलचं द्रव; हवेतला ओलावा ओढून घेणं त्याचा स्वभावच. रबरी होजमधून, झाकणातून ओल शिरतेच. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हमी १४० वर येते. रंगावरून यातलं काही कळत नाही. म्हणून बऱ्याच कंपन्या दर २ वर्षांनी बदलायला सांगतात.

आता सिरिंज. घाट उतरताना तापतं ते कॅलिपरमधलं (चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागातलं) ऑइल, डबीतलं नव्हे. तिथं वाफ झाली की पेडल थेट तळाला जातं. डबीतलं नवं ऑइल आपण होऊन चाकांपर्यंत उतरत नाही. तिथलं जुनं निपलमधूनच, म्हणजे चाकाजवळच्या ऑइल सोडायच्या छोट्या स्क्रूतूनच काढावं लागतं. गाडी नुसत्या जॅकवर नको, स्टँडवर घ्या. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल सैल करून पुन्हा आवळायचं, मगच पेडल सोडायचं. हा क्रम चुकला, किंवा मध्येच डबी रिकामी झाली, तर हवा आत शिरते. एबीएसच्या (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा अडकली तर ती काढायला कधी कधी गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनरही लागतो. कुठलं चाक आधी, ते गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. सिरिंज वापराच, पण सुरुवातीला, डबीतला गाळ नव्या ऑइलबरोबर खाली जाऊ नये म्हणून.

क्लचचं तर त्याहून वेगळं. केबलचा क्लच असेल तर प्रश्नच नाही. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा असेल तर डबी एक असली तरी लाइन स्वतंत्र, आणि तिच्या टोकाला स्वतःचं निपल. ते उघडल्याशिवाय आतलं ऑइल तिथंच मागेपुढे होत राहतं. एअर काढताना क्लचचं पेडल खालीच राहिलं तर घाबरू नका, हातानं वर ओढा.

राहिलं डॉट ५. ते सिलिकॉनचं, ग्लायकॉलमध्ये मिसळतच नाही. डॉट ३ किंवा ४ च्या गाडीत ते घालू नका. दुकानात मात्र नीट वाचा: डॉट ५.१ हे ग्लायकॉलचंच.