आर्मस्ट्राँगचे सात किताब परत द्या म्हणणाऱ्यांना उत्तर

टूर द फ्रान्स जवळ आली की सायकलप्रेमींमध्ये एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: १९९९ ते २००५ या काळात सगळेच डोपिंग करत होते, म्हणजे सामना बरोबरीचाच होता. ही सातही वर्षं टूर जिंकलेला अमेरिकन स्वार लान्स आर्मस्ट्राँग शेकडो चाचण्यांत एकदाही सापडला नाही. साथीदारांना सहा-सहा महिने आणि त्याला एकट्यालाच आजन्म बंदी. कोंटाडोर आणि वाल्वेर्दे हे स्पॅनिश स्वार डोपिंगची शिक्षा भोगून परत आले, जिंकलेही. मग याचीही बंदी उठवा आणि सातही किताब परत करा.

यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे. त्याच्याकडे शेवटी येऊ.

‘सगळेच घेत होते, म्हणून बरोबरी’

सगळे घोडे बारा टक्के हा हिशेब रक्ताला लागू पडत नाही. ईपीओ हे संप्रेरक ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी वाढवतं. रक्ताच्या एकूण आकारमानात या पेशींचा वाटा किती, तो आकडा म्हणजे हिमॅटोक्रिट. यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेने १९९७ मध्ये पुरुषांसाठी ५० टक्क्यांची मर्यादा घातली. ती ओलांडली तरी डोपिंगचा ठपका येत नसे. प्रकृतीचं कारण देऊन दोन आठवडे घरी बसवत. साहजिकच ५० हा आकडा मर्यादेऐवजी उद्दिष्ट होऊन बसला.

आता दोन स्वार घ्या. एकाचं उपजत हिमॅटोक्रिट ४०, दुसऱ्याचं ४७. दोघेही इंजेक्शनं घेऊन ४९.५ ला पोचले. पहिल्याच्या पेशी जवळपास २४ टक्क्यांनी वाढल्या, दुसऱ्याच्या जेमतेम पाच टक्क्यांनी. पेडलवरची ताकद काही त्याच प्रमाणात वाढत नाही, पण झुकतं माप कोणाकडे जातं ते स्पष्ट आहे. कोणताही स्वार डोपिंग करत नसता तर निकाल हाच लागला असता, असं म्हणायला म्हणूनच काही आधार नाही.

शिवाय पैसा. आर्मस्ट्राँगने डॉक्टर मिकेले फेरारीला १९९६ ते २००६ या काळात दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम दिल्याच्या नोंदी युसाडा या अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने मांडल्या. ईपीओची चाचणी येऊ घातली तेव्हा त्याचा संघ स्वतःच्याच रक्ताकडे वळला: २००० च्या जूनमध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला प्रत्येकी ५०० मिलिलिटर रक्त काढलं आणि जुलैत, टूर चालू असताना, ते हॉटेलच्या खोलीत परत चढवलं. हे करायला पिशवी १ ते ६ अंशांत राखावी लागते, ती सीमेपलीकडे नेणारा माणूस लागतो, जाणकार डॉक्टर लागतो. हे पाठबळ नसलं तर काय होतं, ते इटालियन स्वार रिक्कार्दो रिक्कोच्या २०११ च्या प्रकरणात दिसलं. घरच्या फ्रीजमध्ये २५ दिवस ठेवलेलं स्वतःचं रक्त चढवून घेतल्याचा ठपका त्याच्यावर होता. तो थेट इस्पितळात पोचला आणि पुढे १२ वर्षांची बंदी आली.

आणि ‘सगळेच’? फ्रेंच स्वार क्रिस्तोफ बासाँ घेत नव्हता, हे त्याच्या आधीच्या फेस्तिना संघातल्या डोपिंग करणाऱ्यांनीच सांगितलं. १९९९ च्या टूरमध्ये तो वर्तमानपत्रात याबद्दल लिहू लागला, तेव्हा आर्मस्ट्राँगने धावत्या शर्यतीत त्याच्याजवळ येऊन ‘घरी जा’ असं सुनावलं. बासाँ काही दिवसांतच शर्यत सोडून गेला.

‘एकदाही पॉझिटिव्ह नाही’

१९९९ मध्येच आर्मस्ट्राँगच्या नमुन्यात कॉर्टिकोस्टेरॉइड हे सूज कमी करणारं, निर्बंध असलेलं औषध सापडलं होतं. सीटवर घासून झालेल्या फोडांसाठी मलम लावलं, अशी मागची तारीख टाकलेली डॉक्टरची चिठ्ठी पुढे करण्यात आली आणि यूसीआयने ती मान्य केली. औषधाची नोंद चाचणीआधी करणं नियमाने बंधनकारक होतं. चिठ्ठी कशी तयार झाली, ते संघाची मसाज करणारी एमा ओ'रायली हिने सांगितलं.

ईपीओबद्दल म्हणाल, तर सायकलिंगमध्ये त्याची लघवीची चाचणी २००१ पर्यंत नव्हतीच. जी चाचणीच नव्हती, तिच्यात सापडणार कसा? ती आल्यावर स्वार कातडीखालची इंजेक्शनं सोडून रात्री थेट शिरेत छोटे डोस घेऊ लागले. सकाळपर्यंत माग पुसट होई. रक्ताच्या तपासणीआधी सलाइन चढवलं की हिमॅटोक्रिट तासाभरात खाली. १९९८ च्या जागतिक स्पर्धेत संघाच्या डॉक्टरने लिटरभर सलाइन रेनकोटाखाली दडवून तपासनिसाच्या समोरून आत नेलं, हे युसाडापुढच्या साक्षींत आहे.

 

‘एकट्याचाच बळी’

हिंकापी, लायफायमर, झाब्रिस्की वगैरे साथीदारांना सहा महिने मिळाले ते त्यांनी शपथेवर सगळं सांगितलं म्हणून. त्या काळातले निकालही त्यांनी गमावले. आर्मस्ट्राँगला युसाडाची नोटीस आली जून २०१२ मध्ये. तो अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या न्यायालयात गेला, २० ऑगस्टला दावा फेटाळला गेला, आणि २३ ऑगस्टला त्याने लवादापुढे जायलाही नकार दिला. शिवाय त्याच्यावरचे आरोप फक्त घेतल्याचे नव्हते. इतरांना पुरवणं, देणं आणि प्रकरण दडपणं हेही त्यांत होतं. आजन्म बंदी त्यातून आली.

दडपणं म्हणजे काय, ते २००४ च्या टूरच्या १८व्या टप्प्यात सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. इटालियन स्वार फिलिपो सिमेओनी याने फेरारीविरुद्ध साक्ष दिली होती. तो पुढे निसटलेल्या गटाकडे झेपावला, तर एकूण शर्यतीत आघाडीवर असलेल्याच्या पिवळ्या जर्सीतला आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्या मागे गेला. सिमेओनीपासून त्याच्या किताबाला काडीचा धोका नव्हता. सिमेओनी मागे फिरला, आणि आर्मस्ट्राँगने ओठांवरून चेन ओढल्याची खूण केली. डोपिंग करणारे डझनावारी होते. साक्षीदाराला भर शर्यतीत असं वागवणारे किती?

‘कोंटाडोर, वाल्वेर्दे चालतात, मग हा का नाही?’

हा तो अर्धा खरा मुद्दा. कोंटाडोरच्या नमुन्यात २०१० मध्ये क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं. तो दूषित मांसाचं कारण देत राहिला, ऑगस्ट २०१२ मध्ये परतला आणि महिन्याभरात व्हुएल्टा ही स्पेनची मोठी शर्यत जिंकला. स्पेनमधल्या छाप्यात सापडलेली एक रक्ताची पिशवी वाल्वेर्देच्या डीएनएशी जुळली, त्याने दोन वर्षं भोगली आणि २०१८ मध्ये तो विश्वविजेता झाला. दोघांनीही कधी कबुली दिली नाही. नियम वेळ वसूल करतो, सत्य वसूल करत नाही, ही तक्रार रास्त आहे. पण तिचा उपाय यांच्याकडून जास्त मागण्यात आहे. ब्रिटिश स्वार डेव्हिड मिलरने २००४ मध्ये पकडला गेल्यावर कबुली दिली, २००३ चा टाइम ट्रायलचा (घड्याळाविरुद्ध एकट्याने धावायच्या शर्यतीचा) जागतिक किताब गमावला, दोन वर्षांनी परतला आणि पुढे वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या खेळाडू समितीवर काम केलं. पुनर्वसन म्हणायचं तर हे.

शिक्षा भोगलेल्याने सायकल चालवू नये, असं आम्ही म्हणत नाही. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. काही वर्षांच्या बंदीनंतर जुन्या ईपीओचा फायदा रक्तात उरत नाही. बंदी संपवून येणाऱ्यावर रक्ताच्या पासपोर्टची, म्हणजे त्याच्या रक्ततपासण्यांच्या सलग नोंदींची, नजर असते, आणि रोज एक तास तो कुठे सापडेल हे आधी कळवावं लागतं.

किताबांचा प्रश्न मात्र वेगळा. ते काढून घेणं म्हणजे निकालाची दुरुस्ती. शिक्षा संपली म्हणून ती उलटत नाही. ती सात वर्षं यूसीआयने रिकामीच ठेवली, कारण दुसऱ्या क्रमांकावर होते त्सुले, उलरिख (तीनदा), बेलोकी, क्लोडेन आणि बास्सो. यातल्या त्सुलेने १९९८ मध्येच आणि उलरिखने पुढे स्वतः कबुली दिली, बास्सोने बंदी भोगली.

उरली आजन्म बंदी. तपासाला भरीव मदत केली तर तीही कमी होऊ शकते. वाडाची संहिता अशा वेळी किमान आठ वर्षं भोगावी लागतील एवढंच म्हणते, आणि ती २०२० मध्येच भरली. यूसीआयच्या चौकशी आयोगापुढे तो दोनदा बोलला, तेवढ्याने बंदी हलली नाही. अर्ज करायचा तर त्याने युसाडाकडे करायचा आहे.