आठ टक्के विषाणू आणि काढ्याच्या दोन बाटल्या

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर मामींनी एक मेसेज टाकला. सारांश असा: माणसाच्या डीएनएत ८ टक्के विषाणू झोपलेले आहेत, बाईला दिवस गेले की ते जागे होतात, पुढे त्यांचाच कॅन्सर होतो, कोविडच्या लशीने त्यांना डिवचलं म्हणून मूल राहत नाही. खाली शरीरशुद्धीच्या काढ्यासाठी फोन नंबर. माझी भाची सहा महिन्यांची गरोदर आहे आणि ती त्याच ग्रुपवर आहे, म्हणून हे जरा सविस्तर.

‘८ टक्के विषाणू’ यातला आकडा खरा आहे, शब्द खोटा. रेट्रोव्हायरस जातीचे विषाणू आपली जनुकं यजमानाच्या डीएनएत चिकटवतात. एचआयव्हीही तेच करतो. लाखो वर्षांपूर्वी असे काही विषाणू आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत (ज्यांपासून पुढची पिढी जन्मते त्या पेशींत) शिरले आणि मग वारसाने उतरत आले. आता त्यांची पार पडझड झाली आहे. वाडा कोसळून नुसता दिंडी दरवाजा उभा असावा, तशी बहुतेक ठिकाणी फक्त टोकं उरलीत. २००६ साली फ्रान्समध्ये तिएरी हाइडमान यांच्या गटाला यातला एक विषाणू पुरता उभा करायचा होता. त्यासाठी त्यांना अनेक मोडक्या प्रती शेजारी मांडून मूळ मजकूर जुळवावा लागला. नाव ठेवलं फिनिक्स. झोपलेल्याला उठवायला एवढा खटाटोप लागत नाही.

दुसरा दावा, दिवस गेले की विषाणू जागे होतात. जागं होतं ते जनुक. २००० साली ओळखलं गेलेलं सिन्सिटिन-१ हे सातव्या गुणसूत्रावर आहे आणि मुळात ते विषाणूच्या कवचाचं जनुक. पेशीला चिकटून तिच्या आवरणात मिसळून जायचं, हे त्या कवचाचं काम. वारेत, म्हणजे बाळाला आईशी जोडणाऱ्या प्लासेंटात, तेच कसब वेगळ्या कारणासाठी वापरलं जातं: शेजारशेजारच्या पेशी एकजीव होतात आणि आईच्या रक्ताला टेकलेला एक सलग, बिनसांध्याचा थर तयार होतो. प्राणवायू, साखर, सगळं त्यातूनच बाळाकडे जातं. घरी केलेल्या प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ना, ती ज्या हार्मोनमुळे उमटते ते एचसीजी मुख्यतः हाच थर बनवतो. उंदरांत याच कामाचं जनुक काढून टाकलं, तर भ्रूण गर्भातच मेले.

मात्र ‘विषाणू नसता तर आपण जन्मलोच नसतो’ असं उलट टोकही मला पटत नाही. उंदराचं सिन्सिटिन माणसाच्या सिन्सिटिनपासून आलेलं नाही. ते दुसऱ्याच विषाणूकडून, स्वतंत्रपणे आलं. गायीचं आणखी तिसरं. गाय व्याली की आजी रात्रभर गोठ्यात ‘वार पडली का’ म्हणून बसायची. त्या वारेतल्या पेशी गर्भाशयाच्या पेशींशी जोडल्या जातात, त्याही एका जुन्या विषाणूच्याच जनुकाने. घोडी आणि डुकरीण यांच्या वारेत मात्र असा एकजीव थरच नसतो. त्यांचं काही अडलेलं नाही.

आता कॅन्सर. स्तनाच्या, त्वचेच्या, वृषणाच्या काही गाठींत ही जुनी जनुकं चालू झालेली दिसतात, हे खरं. पण निरोगी पेशी त्यांच्यावर मिथाइलची कुलपं, म्हणजे जनुक बंद ठेवणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा, लावून ठेवते आणि कॅन्सरच्या पेशीत अशी कितीतरी कुलपं निघालेली असतात. घर जळताना दारं उघडी दिसली म्हणून आग दारांनी लावली असं होत नाही. उंदरांत आणि कोंबड्यांत रेट्रोव्हायरसमुळे कॅन्सर होतो, ते सिद्ध आहे. माणसातल्या या अवशेषांबद्दल तसं सिद्ध झालेलं नाही. अपवाद सांगायला हवा: हॉजकिन लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या पेशींत अशाच एका अवशेषाचं टोक शेजारचं जनुक नको तिथे चालू करतं, हे २०१० मध्ये दिसलं. तिथेही विषाणू नाही, चुकीचं दाबलं गेलेलं बटण आहे.

आणि मेसेज लिहिणाऱ्याने एक साधा विचार केला नाही. सिन्सिटिन सगळ्यांत जास्त बनतं ते वारेत, प्रत्येक गरोदरपणात, महिनोन्‌महिने. तेवढ्याने कॅन्सर होत असता, तर वारेचा कॅन्सर घरोघरी दिसला असता. तो दुर्मीळ आहे. उलट २०२३ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटच्या गटाने फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये दाखवलं, की गाठीवर उमटलेली ही जुनी विषाणू-प्रथिनं प्रतिकारशक्तीला शत्रू ओळखायला मदत करतात.

लशीची गोष्ट डिसेंबर २०२० मधली. जर्मन डॉक्टर वोडार्ग आणि फायझर कंपनीतले माजी संशोधक येडन या दोघांनी युरोपच्या औषध नियामकाकडे अर्ज केला: लस शरीराला कोरोना विषाणूचं स्पाइक प्रथिन ओळखायला शिकवते; त्याचं सिन्सिटिनशी साम्य असेल, तर लशीने बनलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) वारेवरही हल्ला करतील. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या अक्षरांची माळ: स्पाइक १२७३ अमिनो आम्लांचं, सिन्सिटिन-१ हे ५३८ चं; साम्य दोनचार अक्षरांच्या तुकड्यांपुरतं. शिवाय ही भीती खरी असती, तर नुसता कोविड झालेल्या बायकांनाही दिवस राहिले नसते, कारण त्यांच्याही अंगात स्पाइकविरुद्ध प्रतिपिंडं होतीच. आयव्हीएफ करणाऱ्या बायकांत हे तपासलं गेलं. लस घेतलेल्या, कोविड होऊन गेलेल्या आणि दोन्ही नसलेल्या, तिन्ही गटांत गर्भ रुजण्याचं प्रमाण सारखंच निघालं. भारतात जुलै २०२१ पासून गरोदर बायकांनाही लस मिळू लागली.

राहिला काढा. डीएनएतला मजकूर काढ्याने धुऊन निघत नाही आणि आत काय घातलंय हे ठाऊक नसलेली बाटली गरोदर बाईच्या हाती देऊ नये. मामींना हे सगळं पटलंय. दोन बाटल्या आधीच येऊन पडल्यात, त्या परत कशा करायच्या एवढंच त्या विचारताहेत.